आजारातून उठलेल्याचा स्वधर्म

दीर्घ आजारातून किंवा मोठ्या अपघातातून उठलेल्या मनुष्याने आपल्या शरीराशी कसे वागावे, हा प्रश्न वरवर पाहता वैद्याचा आहे. किती चालावे, किती खावे, कोणती हालचाल टाळावी, हे वैद्यच सांगू शकतो आणि त्यानेच सांगावे. परंतु या प्रश्नाचा एक अंश असा आहे की तो वैद्याच्या हाती नाही. आजारापूर्वी आपण जे होतो ते पुन्हा होण्याचा आपल्याला हक्क आहे काय? तसे न झाल्यास आपण आपल्या कर्तव्यास चुकलो असे समजावे काय? की पूर्वीचा आपण आणि आजचा आपण यांची तुलना करणे हेच मुळात अयोग्य आहे? औषधाची मात्रा ठरली, पथ्य ठरले, तरी हा प्रश्न शिल्लक राहतो आणि रोग्याला रात्री झोप येऊ देत नाही. गीतेच्या अभ्यासकाने त्याकडे पाहणे अस्थानी होणार नाही. कारण गात्रे गळालेल्या एका समर्थ पुरुषाला उभे करण्यापासूनच त्या ग्रंथाचा आरंभ झाला आहे.

विवेचन हवेत राहू नये म्हणून एक लहानसे उदाहरण घ्यावे. दिल्ली, गुरुग्राम, नोएडा या परिसरातील व्यायामशाळांतून, आणि ऐपत असेल तेथे घरांतूनही, हल्ली वल्हवण्याचे यंत्र आढळते. तरुण मंडळी त्याला रोइंग मशीन म्हणतात. एक लांब दांडा, त्यावर मागेपुढे सरकणारे आसन, पाय बांधण्याच्या दोन पाट्या, आणि साखळीला जोडलेली मूठ. मूठ ओढली की समोरचे पंख्याचे चाक फिरते आणि हवेचा विरोध हाताला जाणवतो. अमेरिकेतील व्हरमॉन्ट राज्यात ड्रायसिगॅकर बंधूंनी १९८१ साली सायकलच्या चाकाला पाती बसवून असे यंत्र बाजारात आणले, तेव्हापासून त्याचा प्रसार जगभर झाला. कल्पना मात्र पुष्कळ जुनी आहे. इ. स. पूर्वी चौथ्या शतकात अथेन्सचा नौसेनापती काब्रियास याने किनाऱ्यावर लाकडी सांगाडे उभारून त्यांवर नवशिक्या नावाड्यांना वल्हवण्याचे शिक्षण दिले होते, अशी नोंद आहे. दिल्लीकराला तर हे यंत्र सोयीचे वाटावे यात नवल नाही. १९८२ साली आशियाई क्रीडास्पर्धा दिल्लीत भरल्या, परंतु नौकानयनाच्या शर्यती जयपूरजवळच्या रामगढ तलावावर न्याव्या लागल्या. आणि तो तलावही पुढे कोरडा पडला. राजधानीजवळची यमुना कशी आहे हे सर्वांस ठाऊक आहे. तेव्हा येथील बहुसंख्य वल्हवणारे पाण्यावाचूनच वल्हवतात.

विचार केला तर हे कर्म मोठे विलक्षण आहे. नाव नाही, नदी नाही, पैलतीर नाही; तासभर घाम गाळूनही मनुष्य जेथे बसला तेथेच राहतो. फलाची अपेक्षा न धरता करावयाच्या कर्माचा हा नमुनाच म्हणावा, असे एखाद्यास वाटेल. परंतु तसे नाही. त्या यंत्रावर एक छोटी काच बसवलेली असते आणि तीत आकडे उमटत असतात. किती मीटर झाले, मिनिटास किती ओढी झाल्या, आणि मुख्य म्हणजे पाचशे मीटर अंतर कापण्यास किती वेळ लागत आहे. बाहेरचे सर्व फल नाहीसे झाले, तरी फल या काचेत जाऊन बसले. आणि एवढेसे झाल्यामुळे त्याची आसक्ती कमी न होता अधिकच तीव्र झाली. व्यवहारात कर्माचे फल अनेक गोष्टींत वाटले जाते, त्यामुळे मनाला इकडेतिकडे विसावा मिळतो. येथे एकच आकडा, आणि तो दशमांश सेकंदापर्यंत अचूक.

जो आजारी पडला नाही त्यालाही हा आकडा छळतो. परंतु जो आजारातून परत आला आहे त्याच्याजवळ दोन आकडे असतात, एक आजचा आणि एक पूर्वीचा. पूर्वीचा त्याच्या वहीत लिहिलेला असतो, नसला तरी मनात कोरलेला असतो. निमोनिया होऊन गेलेला, हृदयाची शस्त्रक्रिया झालेला, पाठीचा मणका दुखावलेला असा एखादा गृहस्थ कित्येक महिन्यांनी त्या आसनावर बसतो, मूठ ओढतो, आणि काचेकडे पाहतो. पूर्वी पाचशे मीटरला दोन मिनिटे लागत. आज अडीच लागली. त्याच्या मनात पहिला विचार येतो, केवळ तीस सेकंदांचा फरक आहे, जोर केला तर पंधरवड्यात भरून निघेल. या ठिकाणी त्याची गणिताची फसगत होते, आणि ती समजून घेण्याजोगी आहे. हवेचा विरोध वेगाबरोबर असा वाढतो की लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. पाचशे मीटर अडीच मिनिटांत कापण्यास सुमारे १०४ वॅट लागतात, दोन मिनिटांत कापण्यास सुमारे २०३ वॅट. म्हणजे जो तीस सेकंदांचा फरक म्हणून दिसतो तो वस्तुतः जवळजवळ निम्म्या शक्तीचा ऱ्हास आहे. काच खोटे सांगत नाही, परंतु तिची भाषा नीट न कळल्यामुळे मनुष्य आपल्याकडून जे मागू नये ते मागू लागतो.

अठराव्या अध्यायात कर्माचे तीन प्रकार सांगताना पंचविसाव्या श्लोकात तामस कर्माचे जे लक्षण दिले आहे ते या प्रसंगी फारच मननीय आहे. परिणाम काय होईल, हानी किती होईल, कोणाला पीडा होईल, आणि आपले सामर्थ्य किती, या चार गोष्टींचा विचार न करता केवळ मोहाने आरंभिलेले कर्म ते तामस. सामान्यतः तमोगुण म्हटला की आळस, झोप, जडता एवढेच डोळ्यांपुढे येते. परंतु गीतेने येथे तमाच्या खात्यात एक प्रकारची धडाडीही मांडली आहे. आपल्या शक्तीचा अंदाज न घेता केलेली उडी, ती कितीही पराक्रमाची दिसली तरी, अंधारातलीच उडी होय. पाहणारे टाळ्या वाजवतात, वर्तमानपत्रे तिला जिद्द म्हणतात, आणि ती मनुष्याला पुन्हा अंथरुणावर नेऊन टाकते. हृदयाच्या स्नायूला सूज असताना केलेला जोराचा व्यायाम प्राणावर बेतू शकतो, हे वैद्यक आज निःसंदिग्धपणे सांगते. सतराव्या अध्यायाच्या पाचव्या-सहाव्या श्लोकांत देहातील भूतांना क्लेश देणाऱ्या दांभिक तपाचा जो निषेध आहे, तो केवळ काट्यांवर झोपणाऱ्या बैराग्यासाठी आहे असे समजण्याचे कारण नाही. काचेवरच्या आकड्यासाठी छाती फाटेपर्यंत ओढणाराही त्याच पंक्तीत बसतो.

याच्या उलट दुसरी बाजू आहे आणि ती कमी घातक नाही. आजाराने मनुष्याला भीती शिकवलेली असते. थोडी धाप लागली की त्याला पूर्वीची ती रात्र आठवते. २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत दिल्लीत प्राणवायूच्या नळकांड्यांसाठी जे धावले, किंवा ज्यांच्यासाठी इतर धावले, त्यांना श्वास जड होणे म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. असा मनुष्य बरा झाल्यावरही आपल्या देहाला काचेच्या भांड्यासारखा जपतो. खुर्चीतून उठत नाही. आणि या जपण्यालाच तो विवेक म्हणतो. त्याच अठराव्या अध्यायात पस्तिसाव्या श्लोकात तामसी धृतीचे वर्णन आहे. झोप, भीती, शोक, खिन्नता यांना जी घट्ट धरून ठेवते ती. धरून ठेवणे हा धृतीचा धर्म. प्रश्न एवढाच की ती काय धरते.

अंथरुण स्वतः काय करते हे पाहण्यासाठी अमेरिकेतील डॅलस येथे १९६६ साली झालेला एक प्रयोग प्रसिद्ध आहे. वीस वर्षे वयाच्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर पडून राहावयास लावले. त्यांना कोणताही रोग नव्हता. तरी शरीराची प्राणवायू वापरण्याची कमाल शक्ती तीन आठवड्यांत चौथाईहून अधिक घटली. नंतर सुमारे आठ आठवड्यांच्या व्यायामाने ती परत आली. याहून आश्चर्याची गोष्ट पुढेच आहे. तीस वर्षांनी, १९९६ साली, त्याच पाच जणांना पुन्हा तपासले तेव्हा असे दिसले की तीस वर्षांच्या वार्धक्याने त्यांची जेवढी शक्ती हरण केली नव्हती तेवढी विशीतल्या त्या तीन आठवड्यांच्या पडून राहण्याने केली होती. आणि पन्नाशीच्या या मंडळींनी सहा महिने हळूहळू वाढवीत नेलेला व्यायाम केला तेव्हा तीस वर्षांत गेलेली ती शक्तीही भरून आली. विश्रांतीलाही मात्रा असते. औषधाप्रमाणे तीही अधिक झाली तर बाधते. सहाव्या अध्यायाच्या सोळाव्या-सतराव्या श्लोकांत अति खाणाऱ्यालाही योग नाही आणि मुळीच न खाणाऱ्यालाही नाही, अति झोपणाऱ्यालाही नाही आणि अति जागणाऱ्यालाही नाही, असे जे सांगितले आहे ते या प्रयोगाच्या कोष्टकात जसेच्या तसे वाचता येते.

परंतु मध्यम मार्ग धरा एवढे सांगून भागत नाही. मध्य कशाचा? पूर्वीच्या आपल्या शक्तीच्या निम्मे, हा मध्य की आजच्या शक्तीच्या निम्मे? येथेच मूळ प्रश्न पुन्हा उभा राहतो. आणि त्याचे उत्तर स्वधर्माच्या कल्पनेत शोधावे लागते. तिसऱ्या अध्यायात आणि पुन्हा अठराव्यात गीता सांगते की आपला धर्म उणा असला तरी तो उत्तम रीतीने आचरलेल्या परक्या धर्माहून श्रेयस्कर आहे. टीकाकार या ठिकाणी बहुधा वर्णधर्माची चर्चा करतात आणि ती त्या जागी असू द्यावी. परंतु विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात केलेल्या प्रवचनांत स्वधर्माचा काही भाग कालमानाने बदलणारा असतो हे आवर्जून दाखवले आहे. बाल्यात जो धर्म होता तो तारुण्यात राहत नाही, तारुण्यातला वार्धक्यात राहत नाही. मग निरोगी देहाचा धर्म रुग्णोत्तर देहाला कसा लागू पडेल? कालच्या देहाने जे सहज केले ते आजच्या देहाचा स्वधर्म नव्हे. तो परधर्म आहे, आणि दुर्दैव असे की या परधर्मावर आपलेच नाव लिहिलेले असते, म्हणून तो ओळखू येत नाही. शेजाऱ्याची नक्कल करणारा निदान हसे होण्याच्या भीतीने थांबतो. स्वतःच्याच पूर्वरूपाची नक्कल करणाऱ्याला तसे थांबवणारे कोणी नसते. उलट सर्व इष्टमित्र म्हणतात, पूर्वीसारखे व्हा.

या दृष्टीने तीन सैनिकांची चरित्रे पाहण्यासारखी आहेत. मेजर हरिपालसिंग अहलुवालिया हे २९ मे १९६५ रोजी एव्हरेस्टच्या शिखरावर पोहोचले. कॅप्टन एम. एस. कोहली यांच्या नेतृत्वाखालील त्या मोहिमेत नऊ भारतीयांनी शिखर गाठले होते. त्याच वर्षीच्या युद्धात मेजर अहलुवालिया यांना गोळी लागली, मणक्याला इजा झाली, आणि पुढील सर्व आयुष्य त्यांना चाकाच्या खुर्चीत काढावे लागले. इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल येथे त्यांच्यावर उपचार झाले. पर्वतारोहण संपले; पुन्हा शिखरावर जाण्याचा प्रश्नच नव्हता. पण तेथे मणक्याच्या रुग्णांची जी शास्त्रशुद्ध शुश्रूषा त्यांनी पाहिली ती आपल्या देशात नाही, या जाणिवेतून पुढे दिल्लीच्या वसंत कुंज भागात मणक्याच्या रुग्णांसाठी रुग्णालय उभे राहिले. १४ जानेवारी २०२२ रोजी ते निवर्तले. सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर हे सैन्याच्या त्याच विद्युत-यांत्रिक अभियंता दलातले, आणि घायाळ झाले तेही त्याच १९६५ च्या युद्धात. ते मुष्टियोद्धे होते. अनेक गोळ्या लागून कमरेखालचे शरीर निकामी झाले, तेव्हा उपचार म्हणून त्यांना पोहावयास सांगण्यात आले. १९७२ साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथे अपंगांच्या ऑलिंपिक स्पर्धेत पन्नास मीटरचे अंतर ३७.३३ सेकंदांत पोहून त्यांनी सुवर्णपदक मिळवले. वैयक्तिक सुवर्णपदक भारताला त्या स्पर्धेत प्रथमच मिळाले. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्रपतिभवनात अर्जुन पुरस्कार देण्यात आला. तिसरे नारायण कोंगनपल्ले. २०१५ साली काश्मीरकडील सरहद्दीवर सुरुंगाच्या स्फोटात त्यांचा डावा पाय गेला. पुण्यातील सैन्याच्या नौकानयन केंद्रात त्यांनी वल्हे हाती घेतले, २०२३ साली चीनमधील हांगचौ येथे अपंगांच्या आशियाई स्पर्धेत अनिता यांच्यासह मिश्र दुहेरीत रौप्यपदक मिळवले, आणि २०२४ साली पॅरिसमध्ये या जोडीने आठवा क्रमांक पटकावला.

या तिघांचे गुणगान पुष्कळ झाले आहे आणि ते योग्यच आहे. येथे लक्षात घ्यावयाची गोष्ट निराळी आहे. तिघांपैकी एकही जण जेथून निघाला तेथे परत गेला नाही. पेटकर पुन्हा मुष्टियुद्धाच्या रिंगणात उतरले नाहीत, अहलुवालिया पुन्हा हिमालयाच्या शिखरावर चढले नाहीत, आणि नारायण यांची नाव तर पाय गेल्यानंतरच त्यांच्या आयुष्यात आली. जुनी मोजपट्टीच मोडली, म्हणून नवी घ्यावी लागली. ज्याचे फार गेले त्याला तुलना सोडणे एका परीने सोपे असते, असे म्हणणे कठोर वाटेल. ते सोपे अर्थातच नव्हते. परंतु तेथे भ्रमाला जागा उरत नाही एवढे खरे. खरी परीक्षा ज्याचे थोडे गेले त्याची आहे. त्याचे यंत्र तेच, आसन तेच, काच तीच. आणि तो स्वतःही आरशात तसाच दिसतो. नव्वद टक्के परत आलेल्या मनुष्याला उरलेले दहा टक्के जेवढे जाळतात तेवढे सर्वस्व गमावलेल्याला सर्वस्वही जाळत नसेल.

यावर एक आक्षेप स्वाभाविक आहे, आणि गीतेच्या वाचकाकडूनच तो येण्याचा संभव अधिक. देह नाशवंत आहे, आत्मा त्याहून निराळा आहे, हे दुसऱ्या अध्यायातच सांगून झाले. मग व्यायामयंत्रावरच्या सेकंदांची एवढी चर्चा कशाला? ज्याला देहाची आसक्ती सोडावयाची आहे त्याने देह कमावण्याच्या भानगडीत का पडावे? आक्षेप बिनतोड दिसतो, परंतु तो अर्धवट आहे. तिसऱ्या अध्यायाच्या आठव्या श्लोकात शरीराचा निर्वाहदेखील कर्मावाचून चालणार नाही असे स्पष्ट म्हटले आहे. देह हा आपला नव्हे असे ज्याला खरोखर वाटते तो, दुसऱ्याची ठेव सांभाळावी तसा, त्याला अधिकच काळजीने सांभाळील. गीतारहस्याचे कर्ते लोकमान्य टिळक यांनी कॉलेजातील पहिले वर्ष अभ्यास बाजूला सारून शरीर कमावण्यात घालवले आणि त्या वर्षी परीक्षा गमावली, ही कथा महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे. मंडालेच्या तुरुंगात मधुमेहासह काढलेल्या वर्षांचा पाया त्या एका वाया गेलेल्या वर्षात होता असे म्हणतात. शिवाय, आसक्ती सुटली आहे की नाही हे आत्म्याविषयी व्याख्यान देताना कळत नाही. काचेवर अडीच मिनिटांचा आकडा उमटला असता मन स्थिर राहते की नाही, तेथे ते कळते. समत्वाची कसोटी घेण्यास रणांगणच लागते असे नाही; थोडीशी जागा व्यापणारे एक यंत्र पुरते.

आता थोडे व्यवहाराकडे वळू. आजच्या शक्तीचा अंदाज घ्यावा कसा? वैद्याची अनुमती हे पहिले, आणि त्यावाचून पुढचे सर्व व्यर्थ. त्यानंतर, अनुभवी शिक्षक परत आलेल्या मनुष्याला आरंभी काच झाकून ठेवावयास सांगतात. वर एखादे फडके टाकले की झाले. मग माप कशाचे घ्यावयाचे? स्वतःच्या श्रमाच्या जाणिवेचे. स्वीडनमधील मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांनी यासाठी ६ पासून २० पर्यंत आकड्यांची एक पट्टी तयार केली. ६ म्हणजे मुळीच श्रम नाही, २ कमी २० म्हणजे अठराच्या पुढे जवळजवळ असह्य. साधकाने स्वतःच सांगावयाचे की आता आपण कोठे आहोत. याहूनही साधी कसोटी म्हणजे वल्हवताना शेजाऱ्याशी पूर्ण वाक्य बोलता येते की नाही. मिनिटाला अठरा-वीस ओढी, पंख्याच्या झडपेचा खटका खालच्या आकड्यावर, पाच मिनिटे. दुसऱ्या दिवशी सकाळी शरीर काय म्हणते ते ऐकावयाचे, आणि मगच सहावे मिनिट. मणक्याच्या रुग्णाने तर पाठीने नव्हे, पायांनी ढकलण्याचे शिक्षण नव्याने घ्यावे, कारण वल्हवण्यातील मोठा वाटा पायांचा आहे आणि घाईत मनुष्य पाठ ओढतो. दिल्लीत आणखी एक गोष्ट आहे. नोव्हेंबर-डिसेंबरात हवेचा निर्देशांक चारशेच्या वर जातो तेव्हा सरकारच त्या हवेला ‘गंभीर’ म्हणते. खोलीत बसलो म्हणजे त्या हवेतून सुटलो असे होत नाही. ज्याची फुप्फुसे नुकतीच बरी झाली त्याने अशा दिवशी न वल्हवणे हाही त्याच्या व्यायामाचाच भाग होय.

हे सर्व फार कंटाळवाणे आहे. ते कंटाळवाणे आहे हेच त्याचे मर्म आहे. अठराव्या अध्यायात सात्त्विक सुख आरंभी विषासारखे आणि शेवटी अमृतासारखे, तर राजस सुख आरंभी अमृतासारखे आणि शेवटी विषासारखे असते असे सांगितले आहे. पहिल्याच आठवड्यात एकदा जीव तोडून जुना आकडा गाठला, त्या संध्याकाळचा आनंद अमृतासारखा असतो. पुढचे पंधरा दिवस त्याची किंमत चुकती करण्यात जातात.

आणि जुने सर्व कष्ट खरोखर वाया गेले काय? सहाव्या अध्यायाच्या शेवटी अर्जुनाने विचारलेला प्रश्न मोठा हृदयस्पर्शी आहे. जो श्रद्धेने निघाला परंतु मध्येच ढळला, तो दोन्हीकडून तुटलेल्या ढगासारखा नाहीसा होतो काय? भगवंतांचे उत्तर असे की अशाचे काहीही बुडत नाही. पूर्वदेहात मिळवलेली बुद्धी त्याला पुन्हा भेटते आणि पूर्वीचा अभ्यास त्याला, त्याची इच्छा असो वा नसो, पुढे ओढून नेतो. तेथे गोष्ट जन्मांतराची आहे. व्यायामाच्या प्रांती ती ओढूनताणून आणू नये. तरीही २०१० साली ओस्लो येथील शास्त्रज्ञांनी उंदरांवर केलेल्या प्रयोगांत असे दिसले की व्यायामाने स्नायूत वाढलेली केंद्रके स्नायू सुकल्यावरही नाहीशी होत नाहीत. ती राहतात, आणि पुन्हा काम पडले की उपयोगी येतात. पूर्वी वल्हवलेल्या मनुष्याचे हात पहिल्याच दिवशी मूठ कशी धरावी हे जाणतात, हा तर ज्याचा त्याचा अनुभव आहे. म्हणजे पूर्वीचे आयुष्य आजच्या देहावर हक्क सांगत नाही, पण त्याला मदत करते. थोरला भाऊ धाकट्याला धंदा शिकवतो. परंतु धाकट्याच्या चोपडीत आपली जमा लिहीत नाही.

शेवटी एका प्रकारच्या रुग्णांचा विचार राहतो, ज्यांच्याविषयी वरील पुष्कळसे विवेचन लागू पडत नाही. कोविडनंतर काही जणांना, आणि त्यापूर्वीही दीर्घ थकव्याच्या विकाराने ग्रासलेल्यांना, अशी अवस्था येते की श्रमाने शक्ती वाढत नाही, उलट एका दिवसाच्या श्रमाने पुढचे कित्येक दिवस ते अंथरुणाला खिळतात. थोडे थोडे वाढवीत न्या, हा सल्ला येथे अपायकारक ठरतो. ब्रिटनमधील आरोग्यविषयक मार्गदर्शक संस्थेने २०२१ साली अशा दीर्घ थकव्याच्या रुग्णांसाठी ठरावीक पायऱ्यांनी वाढविण्याच्या व्यायामाची शिफारस मागे घेतली. ज्याला आयुष्यभर प्रयत्न म्हणजे जोर असेच शिकवले गेले आहे, त्याला हे स्वीकारणे जड जाते. घरचेही म्हणतात, मन घट्ट करा. परंतु कर्मात अकर्म आणि अकर्मात कर्म पाहणारा तो बुद्धिमान, असे चौथ्या अध्यायात म्हटले आहे, ते अशा मनुष्याकडे पाहिले म्हणजे काहीसे उमगते. त्याने यंत्र भिंतीशी उभे करून ठेवलेले असते. रोजची वल्हवण्याची वेळ होते, हात शिवशिवतात, आणि आज बरे वाटत आहे, पाच मिनिटांनी काय होणार, असे मन सांगते. तो उठत नाही. खिडकीशी बसून संथ श्वास घेत राहतो. त्या अर्ध्या तासात जी ओढ त्याला आवरावी लागते, ती दोन हजार मीटरच्या शर्यतीतील शेवटच्या ओढींहून हलकी नसते, आणि ती मोजणारी काच कोणत्याही यंत्रावर बसवलेली नाही.